कांदेपोहे आणि बोअर

लग्न जुळण्याचा विषय निघालाय, तर परळची एक गोष्ट ऐका.

चाळीच्या अंगणात मी बोअर घेत होतो. पाणी उपसायला नव्हे, जमिनीखालच्या पाण्याची पातळी तपासत राहायला. खडक भेगाळलेला होता. मशीन थांबवलं की वरचे तुकडे कोसळून खडक फोडणारा हॅमर खालीच अडकणार, अशी परिस्थिती.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे सावंत धावत खाली आले.

"साहेब, हा धडधडाट तासभर बंद ठेवा! मुलीला बघायला पाहुणे आलेत. आधी दोनदा बोलणं फिसकटलंय."

"बंद केलं तर हॅमर खाली राहील हो."

"आणि चालू ठेवलंत तर मुलगी घरी राहील!"

मी चालू ठेवलं. माझी बायको हयात असती, तर हे ऐकून चार दिवस माझ्याशी बोलली नसती.

वर गॅलरीत पाहुणे बसलेले खालून दिसत होते. मुलाची आत्या काहीतरी विचारायची, सावंत काहीतरी सांगायचे, आणि मग सगळे हसून माना हलवायचे.

पाहुणे गेल्यावर सावंत पुन्हा खाली आले. मी शिव्या खायच्या तयारीने उभा राहिलो. त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली.

"जमलं, साहेब! आत्याबाईंना काही ऐकूच आलं नाही, त्यामुळे नावं ठेवायला काही सापडलं नाही."

"अभिनंदन. आमचंही आज संपेल. उद्यापासून शांतता."

सावंतांचा चेहरा पडला.

"उद्या? अहो, उद्या देण्याघेण्याची बोलणी आहेत!"