चौथा अर्ज

नर्स : हा चौथा अर्ज, काका. टपालाने नाही पाठवला, हातातच देतेय. आणि सही करून पोच द्या मला.

हेडक्लार्क : बसा तरी आधी, सिस्टर. सतरा पायऱ्या चढून आलात.

नर्स : त्या सतरा पायऱ्यांचंच म्हणते मी! मी खाली राहते, तुम्ही माझ्या डोक्यावर. आणि माझ्या तक्रारीला उत्तर येतं टपालाने, तिकीट लावून!

हेडक्लार्क : मालकाने लेखीच उत्तर द्यावं. तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं. पस्तीस वर्षं ऑफिसात काढली, आलेल्या अर्जाला सात दिवसांत उत्तर गेलं नाही असं कधी झालं नाही.

नर्स : ते मान्य आहे हो. मोरी तुंबली, तिसऱ्या दिवशी प्लंबर दारात. भिंतीला ओल आली, आठवड्यात गवंडी. असा मालक शोधून सापडायचा नाही, मी सगळ्यांना सांगते. मग दाराच्या कुलपाचंच काय घोडं अडलंय? पहिल्या अर्जाला उत्तर, 'कुलपात तेल घालावे.' घातलं. दुसऱ्याला, 'अर्ज विचाराधीन आहे.' तिसऱ्याला तर काहीच नाही.

हेडक्लार्क : तेल कुठलं घातलंत? मशीनचं का?

नर्स : काका, काल मी ड्युटीवरून आले आणि किल्ली फिरेना. आई आत. तिला उठता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. औषधाची वेळ टळून गेलेली. ती आतून विचारतेय 'आलीस का ग?' आणि मी बाहेरून म्हणतेय 'आलेच, आलेच.' पाऊण तास! शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराने खिडकीचा गज काढला, तेव्हा आत उडी मारली. या वयात!

काकू : अगं बाई! आणि हाक नाही का मारायची? मी इथेच होते की. घे, पाणी घे.

नर्स : हाक मारून काय झालं असतं, काकू? किल्लीवाल्याने पाहिलंय ते कुलूप. आतून झिजलंय म्हणाला. बदला, नाहीतर एक दिवस उघडायचंच नाही.

हेडक्लार्क : खोलून, साफ करून घेऊ. उद्याच. पण बदलायचं नाही.

नर्स : का पण?

हेडक्लार्क : जुनं काम आहे ते. भक्कम. हल्लीची कुलपं म्हणजे नुसता पत्रा.

काकू : अहो, खरं काय ते सांगा तिला. नाहीतर मी सांगते.

हेडक्लार्क : तू मध्ये पडू नकोस.

काकू : मध्ये काय! पोरीची आई आत अडकली होती. पुन्हा अडकेल. सांगा.

हेडक्लार्क : खालच्या दोन खोल्या आमच्या मुलाच्या होत्या, सिस्टर. परीक्षा सोडून त्याला यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकायचं होतं. मी नाही म्हटलं. चार लोकांसमोर नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. नऊ वर्षं झाली.

नर्स : पत्र, फोन, काहीच नाही?

हेडक्लार्क : एक पत्र आलं. तक्रारीचंच होतं. 'तुम्ही माझं कधी ऐकून घेतलं नाहीत, एवढं एकदा सांगा की माझं काय चुकलं.' सगळ्या जगाच्या अर्जांना सात दिवसांत उत्तर देणारा मी, त्याला उत्तर द्यायला मला चार महिने लागले. माझं पाकीट परत आलं. त्या पत्त्यावर तो आता राहत नाही म्हणून.

नर्स : आणि कुलूप?

हेडक्लार्क : त्या कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे आहे. येईल कधीतरी, किल्ली लावेल, आणि लागलीच नाही तर? बापाने कुलूपसुद्धा बदललं, असंच म्हणेल ना तो?

नर्स : थांबा, काका. म्हणजे माझ्या घराची किल्ली बाहेर कुणा अनोळखी माणसाकडे आहे? मी राहायला आल्यापासून, दोन वर्षं?

हेडक्लार्क : अनोळखी कसला? माझा मुलगा आहे तो!

नर्स : तुमचा मुलगा. मला अनोळखीच. माझी आई दिवसभर एकटी असते तिथे.

हेडक्लार्क : हे... हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरंच नाही आलं, सिस्टर.

काकू : घाबरू नकोस ग. ती किल्ली त्याच्याकडे नाहीये.

हेडक्लार्क : काय?

(काकू आत जातात. डबे सरकवल्याचा आवाज येतो. परत येतात तेव्हा त्यांच्या हातात एक किल्ली आहे.)

काकू : साखरेच्या डब्यामागे होती. गेला त्या सकाळी खालच्या खिडकीत ठेवून गेला होता. मी उचलली.

हेडक्लार्क : नऊ वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

काकू : कशी बोलणार? दोन दिवस तुम्ही पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताटावर बसलात आणि म्हणालात, 'किल्ली घेऊन गेलाय, म्हणजे येणार.' आणि जेवलात. तो घास मी तुमच्या तोंडातून काढून घेऊ? मग रोजच बोलायचं राहून गेलं.

हेडक्लार्क : म्हणजे तो... परत यायचं नाही, असं ठरवूनच गेला.

काकू : ते मला माहीत नाही. मी आई आहे, मी वाट बघणार. त्याला किल्ली कशाला लागते?

हेडक्लार्क : मग येणार कसा तो?

काकू : सगळी माणसं येतात तसा. घंटी वाजवून.

नर्स : घंटी बंद आहे, काकू. मी आले तेव्हापासून.

हेडक्लार्क : बंद आहे? मग अर्जात का नाही लिहिलंत?

नर्स : माझ्याकडे येतंय कोण, काका!

हेडक्लार्क : ऐका. उद्या सकाळी किल्लीवाला येईल, नवं कुलूप बसवेल. त्याच्याबरोबर वायरमन येईल, घंटीला. गजही नवा बसवून देतो. तोंडी सांगतोय, लेखी उत्तराची वाट बघू नका.

नर्स : कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. एक तुमच्याकडे ठेवू?

हेडक्लार्क : नको. तिन्ही तुमच्याकडे. घर तुमचं आहे.

नर्स : काकू, रडू नका ना. समजा, आलाच तो. मी त्याला ओळखू कशी?

हेडक्लार्क : आता कसा दिसत असेल, कुणाला ठाऊक. डाव्या भुवईवर टाके होते. लहानपणी मीच नेलं होतं त्याला दवाखान्यात. माझा अंगठा सोडत नव्हता.

काकू : चेहऱ्याचं सोड. तो घंटी एकदाच वाजवतो ग, बापासारखा हट्टी. कुणी आलं नाही तर तसाच मागे फिरेल. म्हणून सांगते पोरी, एकदा जरी वाजली, तरी उठून दार उघड.