दोन प्लेटी वर टाक

आता रिपोर्ट मशीनमधून येतो रे. ऐंशीच्या दशकात मी ठाण्याच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो, तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजायला लागायच्या.

बाळकुमच्या एका कोळीण मावशीच्या नवऱ्याला मलेरिया झालेला. वरच्याच मजल्यावर तो ॲडमिट होता आणि प्लेटलेट पार घसरलेल्या. मावशी रोज लॅबच्या दारात उभी.

"पोरा, किती प्लेटी झाल्या?"

"कालच्याएवढ्याच, मावशी."

डॉक्टरांनी तिला समजावलं, "याला प्लॅटो म्हणतात, म्हणजे पठार. आकडा चढत नाही, उतरतही नाही. आपण वाट बघायची."

ती तडक खाली माझ्याकडे आली. "पठार ऱ्हाऊ दे. तू मोजतोस कसा, ते दाखव."

मी दाखवलं. बराच वेळ ती डोळा लावून बसली. मग म्हणाली, "एवढ्या तर हायेत! मी गिऱ्हाईकाला वाट्यावर दोन बोंबील वर टाकते. तुला दोन प्लेटी वर टाकायला काय जातं?"

"मावशी, ते माझ्या हातात नाय गं."

"मग कुणाच्या हातात हाय?" तिने पदराने डोळे पुसले. मी तिच्यादेखत पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसलो.

पुढे एकदाचा आकडा चढला. रिपोर्ट घेऊन मी स्वतःच धावत वर गेलो. नवरा कॉटवर बसून चहा पीत होता. मावशीने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि त्याला म्हणाली, "ह्योच तो. लय चिकट हाय, पण शेवटी दिल्या त्यानं!"