आधी इजा दाखवा

कॅनडातल्या सडबरी या खाणींच्या गावात, बसमध्ये ऐनो वेलचीचा गोड पाव मांडीवर घेऊन वृद्धाश्रमात नवऱ्याला, तोइवोला भेटायला निघाली होती. मागच्या सीटवर तिथल्याच दोन रिक्रिएशन थेरपिस्ट, खेळ-करमणुकीतून उपचार करणाऱ्या, येऊन बसल्या, दमलेल्या.

“आपल्या परिषदेच्या अर्जाचं काय झालं गं, जिझेल?”

“काय होणार! नर्सना परवाना देणारी, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी परिषद आहे, फिजिओंना आहे. आपल्याला म्हणतात, तुमच्या कामात चूक झाली तर कुणाला इजा होते ते आधी दाखवा.”

“म्हणजे आपण नुसत्या पत्ते खेळवणाऱ्या!”

“हो ना. मी रजेवर गेले, तर आश्रमानं कुणालातरी पकडून आणलं. नावापुढे थेरपिस्ट लावायला लागतं काय! तिनं दिवे घालवून सिनेमा लावला. आणि समोर तोइवो.”

“अगं बाई! खाणीच्या अंधारात गाडला जाऊन वाचलेला तो?”

“ओरडायला लागला, तर झोपेचं इंजेक्शन दिलं. तेव्हापासून बोलत नाही.”

“मग ही इजा नाही?”

“तक्रार कुठाय? बायकोला सांगितलंय, वय झालं.”

ऐनोने मागे वळून विचारलं, “कुठे करायची तक्रार?”

जिझेलने तिला ओळखलं.

“तीच जागा तर मागतोय आम्ही, ऐनोबाई.”