बिब्बा पोस्टात चालत नाही

…चालत नाही म्हणे. लाडू चालत नाही! अन् तेही कोणाले सांगून राहिला, मले, ज्याच्या घरी दोन दिवसांपासून खलबत्त्याचा ठणठणाट चालू, शेजारीपाजारी विचारून राहिले की रुपरावजी घर बांधून राहिले का पाडून राहिले, अन् हा माणूस खिडकीच्या जाळीतून बोट बाहेर काढते, माझ्या डब्याले टोचते, जसा काही आत नाग बसला आहे, अन् म्हणते चालत नाही. आता मले सांगा, लाडवानं आजवर कोणाचं काय वाकडं झालं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाही तं तुम्ही म्हणाल रुपराव मिलमधून रिटायर झाला अन् डोकं बी रिटायर झालं. आमची पोरगी शामला, एकुलती एक, दिली कुठं? आसामात, तिनसुकियाले. जावई रेल्वेत. माणूस देवासारखा, पण नोकरी अशा जागी की इथून निघालेला माणूस तिथं पोचेपर्यंत त्याची दाढी वाढते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, ही तं रीत आहे, पण तिथल्या डॉक्टरीणबाईनं प्रवासाले मनाई केली. रंभाबाई म्हणजे आमची घरवाली, ती निघाली तिकडं जायले, तं माझी म्हातारी आई न्हाणीघरात घसरली, खाटेवर पडली, हलवता येईना. झालं. पोरीले पोट्टा झाला, गुटगुटीत, अन् आमची रंभा इथं चुलीपुढं डोळ्याले पदर लावून बसली. म्हणे, "लेकीचं पहिलं बाळंतपण अन् माहेरचा हात लागला नाही. निदान माहेरचा लाडू तरी लागू द्या तिच्या तोंडाले, सव्वा महिन्याच्या आत."

आता लाडू म्हणजे कोणता? रव्याचा नाही. बाळंतिणीचा लाडू म्हणजे डिंक, खारीक, खोबरं, मेथी, अन् आमच्या इकडं त्यात पडते गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा तं तुम्हाले माहीत आहे, त्याच्या टरफलात काळा चीक, अंगाले लागला का फोड येते, सूज येते, माणूस आरशात स्वतःले नमस्कार करते की आपण कोण म्हणून. पण आतली गोडंबी? बदामानं लाजावं. कमरेले अशी ताकद देते की बाळंतीण पंधराव्या दिवशी घागर उचलते. चीक वेगळा, गर वेगळा. इतकं सोपं आहे. म्हणजे मले वाटत होतं सोपं आहे.

तं रंभानं लाडू बांधले, डब्यात भरले, डबा मांजरपाटात शिवला, लाख लावली, पत्ता लिहिला, अन् मी गेलो आमच्या वस्तीतल्या पोस्टात. खिडकीवर मार्तंडराव. चष्मा नाकाच्या टोकावर, मागं भिंतीवर बोर्ड: स्फोटक, ज्वालाग्राही, दाहक, विषारी पदार्थ व जिवंत प्राणी यांस मनाई. त्यानं विचारलं, "आत काय आहे?" आता मी सरळ माणूस. मी म्हणलं, "बिब्ब्याच्या गोडंबीचे लाडू."

संपलं. 'बिब्बा' ऐकला अन् तो खुर्चीसकट मागं सरकला. म्हणे, "बिब्बा? दाहक पदार्थ. बोर्ड वाचा." मी म्हणलं, "साहेब, बिब्बा नाही, बिब्ब्याची गोडंबी." तो म्हणते, "नावात बिब्बा आहे का नाही?" मी म्हणलं, "नावात आहे, डब्यात नाही." तो म्हणते, "मी डबा उघडू शकतो का? नाही. मी नाव पाहतो. चालत नाही." म्हणलं, साहेब, तुम्ही कधी गोडंबी खाल्ली? तं तो एकदम हळवा झाला. म्हणे, "लहानपणी टाचेत काटा मोडला होता, आमच्या आजीनं गरम बिब्बा लावला. रुपरावजी, काटा राहिला तिथंच, पाय मात्र भोपळ्याएवढा झाला. महिनाभर शाळा नाही." अन् खरंच त्यानं चप्पल काढली, पाय वर केला, डाग दाखवला. आता माणूस पाय दाखवून राहिला तं त्याच्याशी भांडायचं कसं? पण लाडवानं कोणाचं काय वाकडं झालं, हे तं सांगा?

घरी आलो. रंभा म्हणे, "काहून जी, डबा परत?" सांगितलं. ती म्हणे, "तुम्हाले बोलता येत नाही. मी जाते." गेली. मी मागं. खिडकीवर मार्तंडराव विचारते, "आत काय?" ती ठसक्यात, "डिंकाचे लाडू." बिब्ब्याचं नाव नाही. मी मनात म्हणलं, वा. तं तो म्हणते, "डिंक? म्हणजे गोंद? बाई, गोंद वितळते, दुसऱ्यांची टपालं चिकटतात. मागं एका पाकिटातून मध गळला होता, चार गावांच्या मनीऑर्डरी एकमेकींले चिकटून एकाच माणसाच्या घरी गेल्या." रंभा म्हणे, "अहो, डिंक तुपात तळला आहे, तो कायले चिकटते?" तं तो म्हणते, "तूप? म्हणजे तेलकट पण आहे." जे सांगितलं ते त्याच्या यादीत. रंभानं पदर खोचला अन् म्हणाली, "तुमच्या बायकोले बाळंतपणात काय दिलं होतं, बोर्ड?" मागं रांगेत लोक हसले. मार्तंडराव लाल झाला. म्हणे, "बाई, सरकारी कामात बिब्बा घालू नका." आता तुम्हीच सांगा, तोच म्हणते बिब्बा नको अन् तोच म्हणते बिब्बा घालू नका, घालून कोण राहिलं?

तिसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो, तसाच, डबा काखेत, काय बोलावं ते ठरलेलं नाही. माझ्या पुढं कवडू. आमच्या वस्तीतलाच, लग्नावरातीत शोभेची दारू उडवण्याचं काम करते. त्याच्या हातात खोकं, अन् खोक्याले असा वास, जसा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येते. मार्तंडराव विचारते, "आत काय?" कवडू म्हणते, "खेळणी." "कोणासाठी?" "भाच्यासाठी." धप्प, धप्प, शिक्के पडले, पावती हातात. बाहेर येता येता कवडू माझ्या कानात म्हणते, "सुतळी बॉम्ब आहे, भाऊ. चांगले कानाचे पडदे फुटतात त्यानं." अन् बिडी पेटवत गेला.

म्हणजे तुम्ही पाहा. बॉम्ब गेला. लाडू इथं उभा. अन् लाडवानं कोणाचं काय वाकडं झालं?

माझ्या डोक्यात दिवा पेटला. मी तसाच मागं फिरलो, घरी आलो, रंभाले म्हणलं, दऊत आण. मांजरपाटावर मोठ्या अक्षरात लिहिलं: लहान मुलाची खेळणी. रंभा म्हणे, "अवो, खोटं?" म्हणलं, "खोटं काहून? गोल आहे, गडगडते, लेकरू पाहून हसन. झालं न खेळणं." संध्याकाळी पोस्ट बंद व्हायच्या आत परत खिडकीवर. मार्तंडरावनं चष्म्यावरून पाह्यलं. "तुम्ही ते बिब्बेवाले न?" म्हणलं, "हाओ. ते लाडू आम्हीच खाऊन टाकले." "बरं केलं," म्हणे. डबा हातात घेतला, कानाजवळ नेऊन हलवला. आत लाडू गडगड गडगड. तो म्हणते, "खुळखुळा?" म्हणलं, "हाओ, नागपुरी खुळखुळा." हसला की हो तो माणूस. म्हणे, "मुलगा का मुलगी?" म्हणलं, "पोट्टा." म्हणे, "देव आयुष्य देवो," अन् धप्प, शिक्का.

आता तुम्ही म्हणाल, पोरीले कसं कळन की खेळणी म्हणजे लाडू? मी काय एवढा येडा आहे? डब्यात चिठ्ठी टाकली होती. अन् वरून एक पोस्टकार्ड बी पाठवलं. पण पोस्टकार्ड उघडं राहते न, मार्तंडरावच्या हातून जाते. खरं लिहिलं तं पार्सल रस्त्यातून परत बोलावते तो. म्हणून मी मोठ्या हुशारीनं लिहिलं: "खेळणी पाठवली आहेत. समजून घेणे." बस. पोरगी हुशार, समजन.

पंधरा-वीस दिवसांनी तिकडून कार्ड आलं: "खेळणी मिळाली. फार आनंद झाला." रंभानं ते कार्ड कपाळाले लावलं. म्हणे, "पाह्यलं? पोरगी कशी हुशार! तिनं बी खेळणीच लिहिलं." वस्तीत साखर वाटली तिनं. मी बी छाती काढून फिरलो.

वर्ष गेलं. आई गेली आमची, तेवढ्यात. अन् मग पोराच्या जावळासाठी शामला आली, सोबत तिची सासू, आमच्या विहीणबाई, चारुशीलाबाई. मूळच्या साताऱ्याकडच्या, बोलणं शुद्ध, वागणं गोड, बारमाही सर्दी, आसामचं पाणी म्हणतात. पोट्टा रांगत रांगत माझ्या पायाजवळ आला, हातातून काहीतरी सोडलं, ते फरशीवर ठक्क वाजलं अन् गडगडत रंभाच्या पाटाजवळ जाऊन थांबलं. रंभानं पाह्यलं. मी पाह्यलं. तपकिरी, गोल, गुळगुळीत. लाडू होता.

विहीणबाई म्हणतात, "अहो, तुमच्या त्या लाकडी चेंडूंचं किती कौतुक करू! बाळंतिणीनं वाचू नये, डोळ्यांना त्रास होतो, म्हणून तुमचं कार्ड मीच वाचलं, उत्तरही मीच लिहिलं. 'समजून घेणे' वाचून मला भरूनच आलं. म्हटलं, खेळणी लहानशी असतील, बिचारे लाजताहेत. तान्ह्याला काय कळतंय, म्हणून डबा माळ्यावर ठेवला, बाळ बसायला लागल्यावर उघडला. काय मजबूत काम! दात येताना चावली तरी पोपडा नाही. चिठ्ठीही होती वाटतं आत, पण तेल प्यायली होती."

मी रंभाकडं पाहत नव्हतो. हिंमत नव्हती. सव्वा महिन्यासाठी बांधलेले लाडू, तिच्या हातचे, अन् पोरगं त्यानं फरशी ठोकून राह्यलं. वाटलं, आता ही विहीणबाईचा मान नाही ठेवत. तं विहीणबाईच पुढं म्हणतात, "फक्त हा कार्टा हरवतो हो. डबाभर होते, आता हा एवढा एकच राहिलाय. कुठं टाकतो देव जाणे, सगळं घर शोधलं."

तवा शामलानं मान खाली घातली. रंभा तिच्याकडं पाहून राहिली. पोरीचे गाल पाहा, वर आलेले. रंभा तिले घेऊन चुलीजवळ गेली, अन् मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागं. शामला म्हणते, "आई, मी पाह्यल्याबरोबर ओळखलं वं. पण तोवर सासूबाईंनी साऱ्या कॉलनीत खेळणी म्हणून दाखवली होती, मी कोणत्या तोंडानं सांगू? मग त्या झोपल्या का मी एक घ्यायची, वरवंट्यानं फोडायची. वरून दगड, पण मधात अजून तसाच होता, तुझ्या हातचा." अन् दोघीही रडल्या, अन् मग दोघीही अशा हसल्या का विहीणबाई बाहेरून विचारतात, काय झालं म्हणून. रंभा म्हणाली, "काही नाही, विहीणबाई. ती खेळणी अखिन पाठवते म्हणलं. भलती टिकाऊ राहतात."

ते लोक गेले, अन् खलबत्ता परत सुरू. डबा भरला, शिवला. या खेपेले रंभा म्हणे, पत्ता मी लिहिते, तुमचं अक्षर बदमाष वाटते. म्हणलं, लिही. काल मी खिडकीवर. तेच मार्तंडराव, केस जरा जास्त पिकलेले. डबा घेतला, मांजरपाट वाचला. वाचून डबा मागं सरकवला, बोटाच्या टोकानं, दुरून.

मी म्हणलं, "काहून गा साहेब? लहान मुलाची खेळणी आहेत, खुळखुळा आहे, हलवून पाहा." तो म्हणते, "खाली वाचा." मी चष्मा लावला. आमच्या बाईनं काळजीपोटी, मोठ्या ठळक अक्षरात खाली एक ओळ अखिन लिहिली होती: यात बिब्बा नाही.

म्हणलं, साहेब, 'नाही' लिहिलं आहे न. नाही.

तो म्हणते, "नावात आहे का नाही? चालत नाही."