समुद्र जागेवर नव्हता

नाही, पण मला एक सांगा, समुद्र जागेवर नसतो म्हणजे काय? गाडी नसते, समजू शकतो. रविवारी दुकानं उघडी नसतात, जर्मनीत आल्यावर त्याचीही सवय होते. पण समुद्र? नकाशात एवढा निळा रंगवलेला, त्याच्यासाठी आख्खा देश खालपासून वरपर्यंत कडक बाकड्यांवर घासत जायचं, आणि बसमधून उतरून बघायचं तर समोर काय, चिखल. पार आभाळ टेकतं तिथपर्यंत चिखल. आणि त्या चिखलातून, तुम्हाला सांगतो, एक घोडागाडी चाललेली, आत टोप्या घातलेले आजी-आजोबा, मजेत.

आणि आम्ही समुद्र बघायला निघालो होतो.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गुरुदत्त पुन्हा मधूनच सुरू झाला. दोन हजार दोन सालची गोष्ट. कार्ल्सरूहेला शिकत होतो आम्ही तिघं, एकाच वोहनहाइममध्ये, म्हणजे हॉस्टेल हो, लांबलचक कॉरिडॉर आणि टोकाला सगळ्यांना मिळून एक किचन. मी बार्शीचा. श्रीनाथ पुण्याचा, मेकॅनिकलचा, त्याच्याबद्दल सांगतोच. आणि ईश्वरी. ईश्वरी देवगडची, पाण्याचंच काहीतरी इंजिनिअरिंग शिकायला आलेली, घराच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की खाडी आणि पुढे समुद्र, वडलांची होडी. आणि इथे कार्ल्सरूहेत पाणी किती, तर नळात.

पहिला हिवाळा तिने हसून काढला. दुसऱ्यात ती बोलायचीच बंद झाली. खिडकीशी बसायची आणि म्हणायची, "इथे कशालाच वास नाही रे." आता याच्यावर माणसाने काय बोलायचं? मी म्हटलं, अगं, चांगलंच आहे की. तर माझ्याकडे असं बघितलं की मी आपला चहा ठेवायला उठलो. मग एक दिवस श्रीनाथने सुपरमार्केटमधून तिच्यासाठी मासे आणले. गोठवलेले. खोक्यातून काढले तर चौकोनी. सगळे एका मापाचे, कडा सरळ. ईश्वरीने तो मासा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, डोकं कुठे शेपूट कुठे बघितलं, आणि तिथे ओट्यापाशीच रडायला लागली. तव्यात तेल तापलेलं, श्रीनाथ म्हणतोय, "अगं, प्रोटीन तेच असतं," आणि ही रडतेय. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "मी जाते परत. सेमिस्टर संपलं की जाते. नाही होत मला."

डिग्री अर्धी टाकून, तुम्हाला सांगतो. वडलांनी आंब्याची कलमं गहाण ठेवलेली हिच्या शिक्षणासाठी.

त्या संध्याकाळी मी आणि श्रीनाथ त्याच्या खोलीत बसलो, काय करायचं, काय करायचं, आणि मीच म्हटलं, हो, मीच, ही आयडिया माझी, की हिला समुद्र दाखवू या. एकदा समुद्र दाखवला की पोट भरेल, आणि राहील. आणि मला ती राहायला हवी होती, कशासाठी ते आता काय लपवायचं, केस पांढरे व्हायला लागले. मी ठरवलं होतं की समुद्रावर गेलो की तिला सांगायचं. वाक्य तयार होतं. लांबलचक नाही, छोटंसं, मधे अडखळायला जागा ठेवून.

आता श्रीनाथ. हा माणूस फाहरप्लान, म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक, जेवताना वाचायचा. लोक पेपर वाचतात तसं. तेव्हा ते शनिवार-रविवारचं तिकीट असायचं, एका तिकिटावर पाच जण जर्मनीभर कुठेही, पण फक्त हळू गाड्या, ज्या प्रत्येक झाडापाशी थांबतात. श्रीनाथने असा काही मार्ग आखला की विचारू नका. इथे उतरा, तिथे चढा, "शेवटच्या डब्यात बसायचं नाही, जिना पुढे आहे," "पाणी पिऊ नका, पुढच्या गाडीत टॉयलेट नाही," "गुऱ्या, धाव, बघत काय बसलायस." हायडेलबर्ग गेलं, किल्ला दिसला, म्हटलं उतरू का जरा, तर म्हणे, "परत येताना." फ्रँकफुर्ट गेलं, परत येताना. कासेल, ग्यॉटिंगन, परत येताना. अरे, आम्ही काय परत येताना सात दिवस येणार होतो?

एका गाडीत फुटबॉलची टीम गात होती, एका गाडीत एक कुत्रा ईश्वरीच्या पायावर झोपला, आणि ती, जी महिनाभर धड बोलली नव्हती, ती त्या कुत्र्याशी मालवणीत बोलत होती. "काय रे, खंय चललंस? माज्यावांगडा येतंस?" कुत्रा जर्मन, पण त्याला कळत होतं. मला अर्धंच. मी आपला खिडकीतून बघत माझं वाक्य मनात घोळवत होतो. ब्रेमेनच्या पुढे जमीन सपाट झाली, गवत, गाई, आणि ईश्वरी एकदम नाक वर करून म्हणाली, "आला." काय आलं? "वास." मला तर ब्रेकच्या रबराशिवाय कसलाही वास नव्हता. पण तिचा चेहरा असा काही झाला होता... जाऊ दे.

तर कुक्सहाफेनला उतरलो, तिथून बस, बसमधून उतरलो, तो बांध चढलो, गवताचा हिरवागार उंच बांध, त्याच्या पलीकडे समुद्र, असं श्रीनाथ म्हणाला. मी ईश्वरीच्या शेजारी चालत होतो, मुद्दाम. वाक्य जिभेवर. वर पोचलो.

चिखल.

श्रीनाथने नकाशा काढला, उलटा केला. शेजारी एक म्हातारा उभा होता, निळी टोपी, तोंडात पाइप. श्रीनाथने त्याला आपल्या शुद्ध जर्मनमध्ये विचारलं, माफ करा, समुद्र कुठे आहे? म्हाताऱ्याने पाइप काढला, चिखलाकडे बघितलं, आणि म्हणाला, "वेक." वेक म्हणजे गेला. कुठे गेला, का गेला, काही नाही. मग त्याने पाइपच्या टोकाने एक फळा दाखवला. काळा फळा, त्यावर खडूने आकडे. अहो, समुद्राचा फाहरप्लान. पाणी किती वाजता येणार, किती वाजता जाणार, सगळं लिहिलेलं, आजचं, उद्याचं. त्या देशात समुद्रसुद्धा वेळापत्रकाने चालतो, आणि ज्या माणसाने जर्मनीतली प्रत्येक गाडी पाठ केली होती त्याने नेमकं तेवढंच एक बघितलं नव्हतं. श्रीनाथ त्या फळ्यासमोर असा उभा राहिला, जसं काही त्याच्याच नापासाची मार्कलिस्ट लागलीय.

"ईश्वरी, सॉरी," तो म्हणाला. "खरंच सॉरी. मी..."

आणि ईश्वरी हसायला लागली. साधं नाही, पोट धरून, खाली बसून. आम्ही दोघं घाबरलो, म्हटलं आता ही कोसळली. तर ती हसताहसता म्हणते, "अरे, ओहोटी आसा ही. तुमका काय वाटला, समुद्र पळान गेलो? येतलो रे. जातलो खंय?"

आता मला ओहोटी काय माहीत? बार्शीत पाणी आलं की आलं, गेलं की टँकर. तिने बूट काढले, मोजे काढले, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चालायला लागली चिखलात. कशी चालायची ती... पाय आपटायची नाही, टाच रोवायची नाही, पाऊल आडवं टाकायची, जसं घरात आई झोपली असताना आपण चालतो. मधेच वाकायची, बोटाने उकरायची, शिंपला काढायची, आम्हाला दाखवायची. "ये रे," म्हणाली. दोघांना म्हणाली. मी ऐकलं स्वतः, "ये रे," दोघांना मिळून.

आणि श्रीनाथ, जो पावसाचा थेंब पडला तर बुटांना फडकं मारायचा, त्याने बूट काढले आणि निघाला. दोन पावलांत घोट्यापर्यंत रुतला. ईश्वरी मागे आली, त्याचं मनगट धरलं, आणि त्याला चालायला शिकवायला लागली.

मी? मी बूट धरून उभा. अहो, कुणीतरी धरायलाच हवे होते ना, तिघांच्या सॅक, बूट, कॅमेरा. म्हटलं ते येतील आता, मग मी जातो, मग सांगतो. माझं वाक्य होतं ना. समुद्र बघायला निघालो होतो आम्ही, समुद्र येऊ दे तरी.

ते गेले लांब. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळ संपतच नाही, सगळं पिवळंसोनेरी, ती दोघं एवढी एवढीशी झाली. घोडागाड्या परत यायला लागल्या, भराभर. म्हाताऱ्याने मला विचारलं, "फ्रॉयन्डे?" म्हटलं, हो, मित्र आहेत माझे. तो म्हणाला, पाणी येतंय. म्हटलं, कुठे? मला तर काहीच दिसेना. त्याने पाइपने दाखवलं, समोर नाही, बाजूला. चिखलात एक चमकती रेघ होती, ती रुंद होत होती, आणि ती होती त्या दोघांच्या आणि माझ्या मधे. पाणी समोरून येत नाही म्हणे तिथे, आधी मागून वाटा भरतं.

मी ओरडलो. "श्रीनाथ, ईश्वरी," असा ओरडलो की घसा बसला. वारा उलटा. त्यांना ऐकूच जाईना. मी बूट टाकले आणि पुढे निघालो, तर म्हाताऱ्याने माझी कॉलर पकडली. "तू नाही," म्हणाला. "तुला येत नाही. ती मुलगी चालते कशी बघ. ती समुद्राकाठची आहे."

आणि ईश्वरीने वळून बघितलं. तिला ओरडणं नाही, वारा कळला असेल. ती पळाली नाही. श्रीनाथचा हात घट्ट धरला, सरळ आमच्याकडे न येता तिरकी निघाली, लांबून, वळसा घालून. मला वाटलं हिला वेड लागलं. पण जिथून ती आली तिथे पाणी पोटरीपर्यंतच होतं, आणि सरळ यायच्या वाटेवर, थोड्याच वेळात, एक खांब बुडताना बघितला मी.

वर आले तेव्हा दोघंही भिजलेले. श्रीनाथ पांढराफटक, आणि हसत होता. चिखलाने माखलेला माणूस असा हसताना मी तोवर बघितला नव्हता. आणि तिने त्याचा हात सोडला नव्हता. आता वर कोरडी जमीन होती, फरसबंदी होती, धरायचं काही कारण नव्हतं.

मागे समुद्र आला होता. पूर्ण. निळा, नकाशात होता तसा. मी बघितला का? नाही. मी हातच बघत होतो.

मग तिथल्या टेलिफोन बूथमधून तिने घरी फोन लावला, कार्डावरून. दार उघडं ठेवलेलं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "बाबा, झोपललात? आयका ना, हय समुद्र इतको मागे जाता की घोड्याची गाडी चलता." पलीकडून काहीतरी. "नाय, खोटा नाय सांगणंय." पलीकडून बरंच काही. "शिंपले गावतत. बारीक आसत, पण चव बघूक नाय अजून." कितीतरी वेळ बापलेक नुसतं चिखलाबद्दल बोलत होते. मग ती नुसतं ऐकत राहिली, आणि म्हणाली, "नाय बाबा. आता नाय येणंय. पुरा करून येतलंय."

झालं. राहिली ती. कशासाठी गेलो होतो आम्ही? ती राहावी म्हणून. राहिली. माझी आयडिया शंभर टक्के यशस्वी. परत येताना हायडेलबर्गला उतरलोसुद्धा, श्रीनाथ म्हणाला, "गाडी चुकली तर चुकली." ती दोघं किल्ला बघून आली. मी स्टेशनवर बसलो, पाय दुखत होते.

वाक्य? वाक्याचं काय, ते अजून आहे तसंच, वापरलेलं नाही.

डिग्री झाली आणि ईश्वरी देवगडला गेली. कलमं सोडवली. आणि वर्षभरात श्रीनाथ, स्टुटगार्टला इतकी चांगली नोकरी, ती सोडून तिच्या मागे. त्याची आई मला फोन करून रडली, "अहो, तुम्ही तरी समजवा त्याला." मी काय समजवणार? मी वाल्डॉर्फला लागलो, सॉफ्टवेअरमध्ये, आहे तिथेच. गाडी आहे. शनिवारी मनात आलं तर सरळ समुद्रावर जाऊ शकतो, एकदाही गाडी न बदलता. जात नाही. एकट्याने कुठे जायचं? आणि बरोबर कुणी तरी हवं ना, पाणी पिऊ नका म्हणणारं, कुत्र्याशी मालवणीत बोलणारं... दुपारी त्या रिकाम्या रस्त्यावरून गाडी चालवताना कधी कधी, तुम्हाला सांगतो, त्या कडक बाकड्यांचीसुद्धा आठवण येते.

गेल्या डिसेंबरात गेलो होतो देवगडला. श्रीनाथ काळा पडलाय, पोट सुटलंय, मालवणी बोलतो, चुकीची बोलतो, आणि सासरा खूश. ईश्वरीने मासे वाढले, अख्खे, डोक्याशेपटासकट. "खा रे, गुरुदत्त. वाळलास किती." एवढंच म्हणाली. पुरे झालं मला.

त्यांची मुलगी ऊर्जा, पाच वर्षांची, माझ्या पाटाशेजारी येऊन बसली. म्हणाली, "काका, तुम्ही राहता तिथे समुद्र आहे?"

म्हटलं, नाही.

"खाडी?"

नाही.

"होडी, आंबे, माकडं?"

नाही गं.

तिने जरा विचार केला. "मग काय आहे तिथे?"

आता काय सांगायचं? सगळे माझ्याकडे बघत होते, ईश्वरीसुद्धा, हातात वाढायची पळी तशीच धरून. मी खूप आठवून बघितलं, खरंच खूप, आणि म्हटलं, "पार्किंग चांगलं आहे."