शेजारचं ताट

मठ पाहून झाला होता. फाटकाबाहेर बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

"जेवताना माझ्याजवळून उठून पलीकडे का गेलात हो?"

"इथे शेजारच्याचं ताट घासायचं असतं, म्हणून."

"म्हणजे माझं घासायची लाज वाटली?"

"चारचौघांत बरं दिसतं का ते? एका स्वामींचं घासलं की!"

"माझं त्या म्हाताऱ्या स्वामींनी घासलं. म्हणाले, आईचं घासायचं राहूनच गेलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी माझं ताट उचललं. रिकामे हात कुठे ठेवावेत तेच कळेना."

आजोबा उठून फाटकाकडे वळले.

"अहो, बस आली. परत आत कुठे निघालात?"

"जाऊ दे तिला. संध्याकाळच्या पंगतीला तुझ्या शेजारी बसतो. फक्त ताटात फार खरकटं ठेवू नकोस."