साहेबांच्या हनुवटीखालची ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या निर्मळ पाणी संस्थेचे प्रमुख माननीय उकंडराव गाडे साहेब, व्यासपीठावरचे व्यवस्थापक माननीय जळबाराव कुटे साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते पाणी तपासणी प्रयोगशाळेचे रत्नपाल पाईकराव सर, त्यांच्या पत्नी ज्योतीताई, सेनगाव, कळमनुरी आणि हट्ट्याहून सकाळच्या गाडीने आलेले कार्यकर्ते, आणि सगळ्यात शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या धुरपताबाई. आपल्या कचेरीत चहा करणाऱ्या बाईंचं नाव मानाच्या यादीत घेण्याची पद्धत नाही, हे मला माहीत आहे. मी ते मुद्दाम घेतलं आहे.

मी सरिता खिल्लारे, लोकशिक्षण विभागात काम करते. कुटे साहेब सकाळी मला म्हणाले, "सरिताताई, गोड बोला आणि लवकर आवरा. लोक लांबून येऊन राहिलेत." लवकर आवरण्याचा प्रयत्न करते. गोडाचं मात्र सांगता येत नाही.

आधी सगळ्यांनी माझ्या मागच्या पडद्याकडे बघावं ही विनंती. सरांचा फोटो छान आहे. त्यांच्या कपाळावरून 'हार्दिक निरोप' ही अक्षरं गेली आहेत. डोळ्यांवर संस्थेचं नाव आहे, नाकावर गुलाबाचं फूल आहे, आणि पांढऱ्या शर्टावर पिवळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आहे, ते मला इतक्या जवळूनही वाचता येत नाही. सर इतकी वर्षं जे जे करू नका म्हणाले, ते सगळं त्यांच्याच निरोपाला एका स्लाइडवर जमून आलं आहे. सर हसतायत. ते हसतात, म्हणून मला जास्त राग येतो.

आपल्याकडे प्रोजेक्टर आला तेव्हाचे दिवस आठवा. कॉम्प्युटरमध्ये आयते फोटो होते, ते सगळे आपण वापरले. हट्ट्याला भूजलावर माहिती द्यायला गेलो, तर आकड्यांच्या मागे बर्फाचे डोंगर आणि निळं तळं. पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "हे तळं कुठलं हाय? तिथूनच पाइप आणायचा का?" सगळे हसले. आमचे आकडे मात्र कुणी बघितले नाहीत, कारण पांढरी अक्षरं पांढऱ्या बर्फात विरघळून गेली होती. दुसऱ्या एका स्लाइडवर बैलाचा फोटो ओढून ओढून पडद्याइतका केला होता. तो बैल एसटीएवढा लांब झाला आणि पाण्याचा विषय बैलावरच संपला.

त्यानंतर सरांनी शनिवारी दुपारी आम्हाला बसवून शिकवायला सुरुवात केली. हे त्यांचं काम नव्हतं. त्यांचं काम बाटलीतलं पाणी तपासण्याचं. पण ते म्हणायचे, तपासलेलं लोकांना वाचता आलं नाही तर मी तपासलं कशाला? ते म्हणायचे, फोटो म्हणजे घराची भिंत. आपण भिंतीला पाठ टेकून बोलतो, भिंतीनं मध्ये बोलायचं नसतं. फोटो आपल्याच गावचा घ्या. ज्यात मोकळं आभाळ किंवा रिकामं रान आहे असा घ्या, आणि अक्षरं त्या मोकळ्या जागेत ठेवा. उन्हात वाळत घातलेलं लुगडं विटतं तसा फोटो फिका करा, अक्षर गडद ठेवा. आणि माणसाचा चेहरा मागे ठेवू नका. चेहरा दिसला की लोक आकडा वाचत नाहीत, आणि ज्याचा चेहरा असतो त्याला आपण आकड्यांखाली गाडून टाकतो.

स्लाइड तयार झाली की ते धुरपताबाईंना शेवटच्या रांगेत नेऊन बसवायचे. बाई प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्या आहेत, जोडाक्षराला अडतात. "वाचा बाई," असं सर म्हणायचे. बाईंना वाचता आलं नाही तर स्लाइड परत. आमच्यातल्या कितीतरी जणांना याचा अपमान वाटायचा. बाई वैतागून म्हणायच्या, "सर, माझं दूध उतू जाऊन राहिलं, आन तुमचं काय वाचा वाचा." पण वाचायच्या.

आता ज्यासाठी मी उभी आहे ते सांगते. अध्यक्ष महोदय, आपण शांतपणे ऐकून घ्याल असा मला विश्वास आहे. विश्वास नसता तरी मी सांगितलं असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मुंबईहून देणगीदार पाहुणे येणार होते. पाणी शुद्ध करणारी यंत्रं कोणत्या गावांना द्यायची, ते आपला तक्ता बघून ठरवणार होते. तक्ता सरांनी केला. मागे हातपंपाचा फोटो, फिका, आणि वर भरपूर आभाळ. त्या आभाळात गावांची नावं आणि दात-हाडं खराब करणाऱ्या फ्लोराइडचं पाण्यातलं प्रमाण, कमीपासून जास्तीपर्यंत. त्यामुळे सगळ्यात वाईट पाणी असलेलं गाव सगळ्यात खाली होतं. ते म्हणजे सेनगाव तालुक्यातला वसरामनगर तांडा, आणि त्याच्यापुढे 'पिण्यास अयोग्य' असा शेरा. धुरपताबाईंनी ती ओळ शेवटच्या रांगेतून वाचली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी कचेरीत कुणाला तरी वाटलं की हातपंप काय दाखवायचा, गंजलेला आहे तो. मग कळमनुरीला यंत्राचं उद्घाटन झालं तेव्हाचा फोटो शोधून त्या जागी लावण्यात आला. गाडे साहेब पहिला पेला ओठाला लावतायत, तो फोटो. चांगला मोठा, पडदाभर. आणि मग अडचण आली. तक्ता कुठे ठेवायचा? साहेबांच्या चेहऱ्यावर अक्षर येता कामा नये. तक्ता डावीकडे सरकवला, बारीक केला, तरी शेवटची ओळ लांबच होती. ती बरोबर साहेबांच्या हनुवटीवरून आणि पेल्यावरून जात होती.

आमचे कॉम्प्युटरवाले ओमप्रकाशभाऊ इथेच प्रोजेक्टरजवळ बसले आहेत. मी त्यांना विचारलं होतं, ओळ काहून काढली? ते म्हणाले, "ताई, साहेबाच्या तोंडावर 'पिण्यास अयोग्य' कसं लिहू? माझी नोकरी हाय ना." मी त्यांना दोष देत नाही. वरून सांगितलं गेलं की ती ओळ तोंडी सांगू. कुणी सांगितली? कुणीच नाही. दिवे बंद झाले, फोटो झळकला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पडद्यावर दिसणाऱ्या गावांना यंत्रं मिळाली.

तेव्हा सर उभे राहिले. "एक ओळ राहिली," म्हणाले. त्यांना बसायला सांगण्यात आलं, पाहुण्यांना परतीची गाडी होती. सर बसले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ती ओळ तुमच्या हनुवटीखाली आहे." इतकंच. त्यात उर्मटपणा काय होता? एखादी वस्तू कुठे आहे ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांच्या बदलीचा कागद आला. पार नंदुरबारकडे. 'कामाच्या सोयीसाठी' असं त्यात लिहिलं आहे. कुणाच्या कामाच्या?

मी तांड्यावर गेले होते. तिथल्या रुख्मिणीबाईंनी खाट टाकली, चहा दिला. तो चहा त्याच पाण्याचा होता. त्यांची नात दिपा दहावीला आहे, हुशार पोरगी. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. ती ओढणीचं टोक तोंडावर धरून हसते, आणि शाळेच्या फोटोत ओठ गच्च मिटून उभी राहते. आजीचे गुडघे तर आता वाकतच नाहीत. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "बाई, पाण्याच्या बाटल्या तर आमच्याकूनबी नेल्या होत्या. मंग आमचं नाव काहून न्हाई?"

मी काय सांगणार होते? नाव होतं, पण त्या जागेवर साहेब पाणी पीत होते, असं?

मग त्यांनी विचारलं, "आमच्या दिपीच्या दाताचा फोटो लावला आसता, तर दिलं आसतं का?" दिपा उठून आत निघून गेली. बाई, आमच्यात कुणीतरी तसं सुचवलं होतं, पण सरांनी नको म्हटलं, मी म्हणाले. तुमची पोरगी लोकांना दाखवायची वस्तू नाही, असं ते म्हणाले होते. रुख्मिणीबाईंनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला. मग म्हणाल्या, "मानूस चांगला हाय तो. पर पानी न्हाई आलं."

हे वाक्य मला झोपू देत नाही. चांगल्या माणसाला आपण निरोप देतो आहोत, शाल देतो आहोत, आणि पाणी आलेलं नाही.

साहेब, माझा फोटो लावा असं तुम्ही सांगितलं नव्हतं, हे मला माहीत आहे. हेच जास्त वाईट आहे. तुम्ही न सांगता आम्ही तुमचा चेहरा जपला, आणि तांड्यावरच्या पोरीचे दात आम्हाला जपता आले नाहीत. एका चेहऱ्यावर एक ओळ चालत नाही. आज सरांच्या डोळ्यांवर, नाकावर हव्या तेवढ्या ओळी आल्या, तेव्हा कुणाचा हात अडखळला नाही. कोणाच्या चेहऱ्यावर लिहायचं आणि कोणाच्या नाही, हे आम्हाला न शिकवता बरोबर कळतं. मला माझ्यासकट आपल्या सगळ्यांची चीड येते.

पावसाळ्यानंतर पाहुण्यांची दुसरी बैठक आहे. एक यंत्र अजून कुणाला दिलेलं नाही. म्हणून माझी विनंती आहे. ओमप्रकाशभाऊ, सरांचा हा फोटो काढा. मी सकाळी तुमच्याकडे दिलेली स्लाइड लावा. घाबरू नका, लावायला मी सांगितलं असं म्हणा. मागचे दिवे कुणीतरी बंद करा.

हा बघा हातपंप. हे आभाळ. गंजलेला आहे, पण आपलाच आहे.

धुरपताबाई, शेवटची ओळ दिसते का? उठू नका, बसूनच वाचा. दूध आज उतू जात नाही.

हो. वसरामनगर तांडा. पुढे? घाई नाही, जोडाक्षर आहे.

पिण्यास अयोग्य. बरोबर. मागच्या रांगेतून वाचता आलं, म्हणजे इथे व्यासपीठावरूनही वाचता आलं असेल.

रत्नपाल सर, ज्योतीताई, नव्या गावी तुम्हाला सुख लाभो. तिथल्या पडद्यांवरचं आभाळ मोकळं असो. मला बोलू दिलंत याबद्दल अध्यक्ष साहेबांचे, कुटे साहेबांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द कडू लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ती ओळ मात्र पोटात घालू नका.

आणि ओमप्रकाशभाऊ, जेवणं होईपर्यंत ही स्लाइड राहू द्या.